पापणीवरची जखम पापणीचीच समजू नको

नागपूर

प्रिय सुनील,
सप्रेम नमस्कार.

डोळ्याजवळ घुसलेली काडी खोबणीतून मेंदूपर्यंत गेली आहे का, हे कसं ओळखायचं आणि मग काय करायचं, हा तुझा प्रश्न फोनवर अर्धवटच राहिला, म्हणून सविस्तर लिहितो. तूर कापली की धसकटं तिरपी, टोकदार उभी राहतात आणि त्याच सुमारास कपाशीची वाळलेली पऱ्हाटी उपटणं सुरू होतं. मग तुझ्या ग्रामीण रुग्णालयात ‘डोळ्याले काडी लागली’ म्हणत लोक येतातच. बहुतेकांच्या पापणीला ओरखडा किंवा बुबुळाला जखम, एवढंच असतं. हे पत्र उरलेल्या एखाद्यासाठी.

पेरणीचं चाडं, म्हणजे बी सोडायचं नरसाळं, आडवं धर, डोळ्याची खोबण तशीच असते. मोठ्या माणसात ती जेमतेम ४ ते ४.५ सेंटीमीटर खोल, मुलांत त्याहून कमी. चाड्यातला दाणा नळीकडे जातो तशी आत शिरलेली काडी मागच्या टोकाकडे घसरते. वरचं छप्पर फारच पातळ. ते फुटलं की काडी थेट फ्रंटल लोबमध्ये, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागात. मागच्या फटीतून, म्हणजे सुपीरियर ऑर्बिटल फिशरमधून गेली तर कॅव्हर्नस सायनस (खोबणीमागची मोठी शीर), आणि अजून पुढे ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ). नजरेच्या नसेच्या बोगद्यातून गेली तर शेजारी मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी. डोळा मात्र चरबीत तरंगत असल्यानं बाजूला सरकतो आणि वाचतो. म्हणून माणूस चालत येतो, बोलतो, बोटं बरोबर मोजतो, जीसीएस (शुद्धीचे गुण) १५ पैकी १५. फ्रंटल लोबच्या पुढच्या टोकाला मार लागला तरी बहुधा हातपाय ढिले पडत नाहीत. फसगत होते ती इथं.

माणूस आला की आधी काडीची चौकशी कर. उरलेला तुकडा शेतातून आणायला कुणाला तरी पाठव. टोक ताजं मोडलेलं आहे का, रक्ताची ओल किती लांबपर्यंत आहे, ते पट्टीनं मोज. ओल ४ सेंटीमीटरच्या पुढे असेल तर मेंदूत गेली असंच धर. कमी असली म्हणून सुटका नाही, कारण काडी वरच्या दिशेनं गेली तर छप्पर त्याआधीच लागतं. काडी खालून वर गेली की समोरून सरळ, हेही विचार.

पापणी सुजून बंद व्हायच्या आत नजर तपास. टॉर्च चांगल्या डोळ्यावरून दुखऱ्यावर ने. बाहुली आकसायच्या ऐवजी पसरली तर नजरेची नस दुखावली आहे. बाहुली थेंबासारखी ओढलेली दिसली तर डोळा फुटलाय, मग थेंब, मलम, दाब सगळं बंद. डोळा कुठंच फिरत नाही, पापणी पडली आणि कपाळ बधिर, तर इजा मागच्या फटीत. नाकातून किंवा जखमेतून पाण्यासारखं काही गळतंय का, तेही बघ.

काडी अजून आत असेल तर ती काढायची नाही. नातेवाईक ‘ओढून टाका ना साहेब’ म्हणतील. पण तीच काडी फाटलेल्या रक्तवाहिनीला बूच लावून बसलेली असू शकते. कागदी कप बुडाशी कापून तिच्याभोवती ठेव आणि कडा चिकटपट्टीनं कपाळाला व गालाला बसव. काडीवर, डोळ्यावर भार नको. नाकातून राईल्स ट्यूब (पोटात जाणारी नळी) घालू नको, लागलीच तर तोंडातून. डोकं ३० अंश वर, तोंडानं काही नाही, नाक शिंकरू द्यायचं नाही. उलटी थांबवायला ऑन्डॅनसेट्रॉन ४ मिग्रॅ.

प्रतिजैविकं म्हणून मोठ्या माणसाला सेफ्ट्रिअॅक्झोन २ ग्रॅम, मेट्रोनिडॅझोल ५०० मिग्रॅ, मिळालं तर व्हॅन्कोमायसिनही. लाकडावर मातीतले जंतू असतात, म्हणून मेट्रोनिडॅझोल विसरू नको. धनुर्वाताची टीडी लस ०.५ मिली, आणि लसीकरणाचा पत्ता नसेल तर टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन २५० युनिट दुसऱ्या जागी. आकडी येऊ नये म्हणून लेव्हेटिरासेटाम १ ग्रॅम. दुखण्याला पॅरासिटामॉल दे. ट्रॅमाडॉल नको, त्यानं आकडी येऊ शकते. सवयीनं डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड) टोचू नको. डोक्याच्या इजेत स्टिरॉइड दिल्यानं मृत्यू वाढतात, हे २००४ च्या क्रॅश चाचणीत दिसलं. सिस्टोलिक, म्हणजे वरचा रक्तदाब, ११० च्या खाली जाऊ देऊ नको. आणि मग १०८ बोलाव. न्यूरोसर्जन आहे तिथंच पाठव. नुसत्या नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलं तर अर्धा दिवस फुकट जातो.

एक्स-रे ‘नॉर्मल’ आला म्हणून हुरळून जाऊ नको. लाकूड त्यात बहुधा दिसतच नाही. १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांचा सीटी, डोळ्यापासून डोक्याच्या माथ्यापर्यंत, हाडाची आणि मऊ भागाची अशा दोन्ही विंडोत (करड्या छटांच्या मांडणीत) हवा. सुकं लाकूड सीटीत काळं, हवेसारखं दिसतं. फरक कडेवरून कळतो. हवेचा बुडबुडा वाकडातिकडा, गोलसर असतो. सरळ रेघेची, दोन समांतर कडांची ‘हवा’ दिसली तर रेडिओलॉजिस्टला विंडो रुंद करून पुन्हा बघायला सांग. काही दिवसांत तेच लाकूड पाणी शोषतं आणि पांढुरकं होतं, तेव्हा ते सुजेत हरवतं. आत लोखंड असल्याची शंका असेल (तुतारीची आर, सायकलचा आरा) तर एमआरआय अजिबात नको. काडी मागच्या टोकाकडे गेलेली असेल तर सीटी अँजिओग्राफीही (रक्तवाहिन्यांचा सीटी) हवी.

पुढचं काम ऑपरेशन थिएटरमधलं. न्यूरोसर्जन आणि नेत्रतज्ज्ञ एकत्र असतात. छप्पर फुटलेलं असेल तर कवटी उघडून, डोळ्यांदेखत, शिरली त्याच वाटेनं काडी मागे घेतात आणि ड्यूरा, म्हणजे मेंदूवरचं जाड आवरण, पाणी न गळेल असं शिवतात. लाकडाची कुसं आत राहिली तर महिन्यांनीही गळू होतं, म्हणून लाकूड शोधून काढावंच लागतं. धातूचा खोलवरचा बारीक कण मात्र काढायच्या नादात जास्त नुकसान होतं, तो बऱ्याचदा तिथंच सोडतात.

पेशंट परत गावी येईल तेव्हा तो तुझाच. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप, मान आखडणं, डोकेदुखी, झापड यांपैकी काहीही दिसलं तर परत पाठव. डोळा लाल, पुढे आलेला आणि नाडीसोबत धडधडतोय, तर कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुला, म्हणजे कॅरोटिडचं रक्त थेट कॅव्हर्नस सायनसमध्ये शिरतंय, असं समज. जखमी धमनीला फुगा दिवसांनी, आठवड्यांनीही येतो. म्हणून पहिली अँजिओग्राफी चांगली आली तरी एक-दोन आठवड्यांनी ती पुन्हा करायला लागते, आणि ‘आता बरं वाटते’ म्हणत नेमकी तीच तारीख लोक चुकवतात. डिस्चार्ज कार्डावरची ती तारीख तुझ्या आशाताईंना लिहून दे.

वहिनींना नमस्कार. मोजपट्टी आणि दोन कागदी कप ड्रेसिंग ट्रेमध्ये आजच ठेवून दे.

तुझा,
विलास