लॅबवाल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, अननोनचा (प्रॅक्टिकलला ओळखायला दिलेल्या बिननावाच्या बॅक्टेरियाचा) रिझल्ट लागला, बॅसिलस सेरियसच निघाला! समोर सांगायला आले तर तुम्ही हसून विषय बदलाल, म्हणून लिहूनच टाकते.

त्या दिवशी ग्रॅम स्टेन करून मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन लेन्सखाली बघितलं तर अर्धे रॉड (काडीसारखे बॅक्टेरिया) जांभळे आणि अर्धे गुलाबी दिसत होते आणि सगळे म्हणत होते की कल्चर कंटॅमिनेट झालंय, दुसरी ट्यूब माग. तुम्ही बेसिन घासता घासता एवढंच विचारलंत, "प्लेटवर कॉलन्या किती प्रकारच्या?" एकाच प्रकारच्या होत्या. मग पुढचा प्रश्न, "आणि ही ट्यूब कधीची?" बघितलं तर लेबलवर चार दिवसांपूर्वीची तारीख. जुन्या कल्चरमध्ये ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणजे जांभळा रंग धरून ठेवणाऱ्या बॅक्टेरियाच्या भिंती कमजोर होतात, अल्कोहोल टाकलं की जांभळं क्रिस्टल व्हायोलेट-आयोडीन धुऊन जातं आणि मग गुलाबी सॅफ्रानिन चढतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं हो, पण डोळ्यासमोर असून सुचलं नसतं.

नवीन स्लँट (ट्यूबमधल्या तिरक्या अगारवर ताजं कल्चर) लावून दुसऱ्या दिवशी स्मिअर (स्लाइडवर पातळ थर) केला तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात. हीट फिक्स झाल्यावर स्लाइड हाताच्या मागच्या बाजूला टेकवून बघायची, सोसवेल इतकीच गरम हवी. अल्कोहोल घड्याळ बघून नाही तर तिरक्या स्लाइडवर थेंब थेंब, खाली येणारं पाणी जांभळं यायचं थांबलं की लगेच नळाखाली. एकजात जांभळे रॉड, लांब साखळ्या! खात्रीसाठी तीन टक्के केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) थेंबात कल्चर कालवलं, लूप उचलला तर तार आली नाही, म्हणजे ग्रॅम पॉझिटिव्ह पक्कं.

आणि त्या जांभळ्या रॉडमधले रंग न चढलेले पांढरे ठिपके, ते मला बबल वाटले असते. तुम्ही फक्त मॅलाकाइट ग्रीनची बाटली पुढे सरकवलीत, बोलला काहीच नाहीत (हे तुमचं नेहमीचंच). फिल्टर पेपर ठेवून पाच मिनिटं वाफ, सुकायला लागलं की परत डाय, मग पाणी, मग सॅफ्रानिन. गुलाबी रॉडच्या आत हिरवेगार स्पोअर (बीजाणू), आणि पेशी कुठेच फुगलेली नाही. इथपर्यंत स्टेनिंगने आणलं, पुढे एग योक अगारवर (अंड्याचा बलक घातलेल्या अगारवर) कॉलनीभोवती पांढरट झोन आला, मॅनिटॉल या साखरेची टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे सेरियसकडेच बोट.

वायवात (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नलनी विचारलं की 1884 मध्ये, ज्यांच्या नावाने हा स्टेन आहे त्या ग्रॅमसाहेबांनी सॅफ्रानिन वापरलं होतं का. नाही, ते नंतर आलं, हेसुद्धा तुमच्याकडूनच कळलेलं. सर एकदम खूश.

थँक्यू काका. सोमवारी पेढे आणतेय, लॅबमध्ये खायचं नसतं म्हणून तुम्हीच ओरडाल, तेव्हा मधल्या सुट्टीत व्हरांड्यात या.