चेंडू, कागदाची पट्टी आणि गुरुत्वाकर्षण

रत्नागिरी

चि. सायली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या गणितातल्या रीमान टेन्सरची सूत्रं पाठ आहेत, पण तो मोजतो काय ते कळत नाही, असं म्हणालीस. सूत्रं जरा बाजूला ठेव. 20 सेंटिमीटर व्यासाचा चेंडू घे आणि कागदाच्या 5 मिलिमीटर रुंद पट्ट्या काप.

पट्टी सुरकुती न पाडता चिकटवत गेलीस की ती आपसूक मोठ्या वर्तुळावरूनच (ज्याचं केंद्र चेंडूचंच केंद्र असतं) जाते. अक्षवृत्तासारख्या लहान वर्तुळावर बसवू पाहिलीस, तर ध्रुवाकडच्या कडेला लांबी कमी लागते आणि तिथला कागद फुगतो. वक्र पृष्ठावरची सरळ रेषा, म्हणजे जिओडेसिक, ती हीच. आता 15.7 सेंटिमीटरच्या तीन पट्ट्या एकमेकींना काटकोनात जोड. त्रिकोण बंद होतो आणि कोनांची बेरीज 270 अंश भरते. जादाचे 90 अंश म्हणजे 1.57 रेडियन. त्रिकोणाचं क्षेत्रफळ 157 चौरस सेंटिमीटर. त्याला त्रिज्येच्या वर्गाने, 100 ने, भाग. तोच आकडा! म्हणजे जादा कोनाला क्षेत्रफळाने भागलं की, चेंडूच्या बाहेर पाऊलही न टाकता, त्याची वक्रता (1 भागिले त्रिज्येचा वर्ग) मिळाली. हे गणितज्ञ गाऊसने 1827 मध्ये दाखवलं आणि रीमानने 1854 मध्ये कितीही मितींना लागू केलं.

आता समज, विषुववृत्तावरून 111 किलोमीटर अंतर ठेवून दोन लाँच नाकासमोर उत्तरेला निघाल्या. कुणीही सुकाणू वळवलेलं नाही, तरी आपल्या 17 अंश अक्षांशावर येईतो त्यांच्यात 106 किलोमीटरच उरतात. त्यांना ओढणारं बल कुठेच नाही. शेजारच्या सरळ वाटांचा जवळ येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग कसा बदलत जातो, ते रीमान टेन्सर सांगतो. आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षण तेच, फक्त वाटा अवकाश-काळातल्या. भारतीय भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरींचं 1955 चं समीकरण अशाच वाटांचा जुडगा कसा आवळत जातो ते मांडतं. ते तू जरूर सोडवून बघ.

ताणलेल्या रबरी चादरीचं चित्र मात्र मनातून काढून टाक. त्यात गोळा खाली ओढायला गुरुत्वाकर्षणच लागतं, आणि काळ तर चित्रात नसतोच. पोफळीवरून सुटलेली सुपारी पहिल्या सेकंदात 4.9 मीटर पडते. काळ प्रकाशवेगाने गुणून अंतरात मोजला, तर त्याच सेकंदात काळाच्या दिशेने ती 3 लाख किलोमीटर गेलेली असते. म्हणून तिच्या वाटेचा बाक इतका सौम्य, की त्याची त्रिज्या जवळजवळ 1 प्रकाशवर्ष येते (प्रकाशवेगाचा वर्ग भागिले 9.8). हळू फेकलेला दगड आणि बंदुकीची गोळी, दोघांची त्रिज्या साधारण तेवढीच! हा बाक मुख्यतः काळाचा. मासेमारीच्या लाँचवरचं जीपीएस ज्यावर चालतं, त्या उपग्रहांची घड्याळं उंचीमुळे दिवसाला 45 मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे 7 मागे पडतात. उरलेल्या 38 मध्ये प्रकाश 11 किलोमीटर जातो, म्हणून ती आधीच तेवढी मंद लावून पाठवतात.

एवढं हाताखालून गेलं की गोलाचा मेट्रिक, म्हणजे त्यावरची अंतरं मोजायचं सूत्र, घेऊन बस. शून्य नसलेले ख्रिस्टोफेल (मेट्रिकवरून निघणारे, सरळ वाटेच्या समीकरणातले सहगुणक) दोनच प्रकारचे: उणे साइन थीटा गुणिले कॉस थीटा, आणि कॉट थीटा; थीटा म्हणजे ध्रुवापासूनचा कोन. पहिल्यातलं उणे हमखास सुटतं, आणि दुसरा खालचे निर्देशांक उलटून दोनदा धरायचा असतो. रिची स्केलर, म्हणजे रीमान टेन्सरमधून निघणारा वक्रतेचा एकच आकडा, 2 भागिले त्रिज्येचा वर्ग आला पाहिजे. तुझ्या चेंडूसाठी 0.02 प्रति चौरस सेंटिमीटर. मग तेच नळकांड्यावर कर. तिथे शून्य यायला हवं, कारण नळकांडं उलगडून सपाट करता येतं.

तुझी,
आई