पांढरा घोडा कोणाचा? केंटच्या चिन्हाबाबत मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
माननीय स्थानिक शासन मंत्री,
ब्रिटिश सरकार, लंडन

मंत्रिमहोदय,

मी इंग्लंडच्या आग्नेय भागातल्या केंट या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, राहणारा मराठी माणूस आहे आणि इथल्या एका छोट्या क्रिकेट क्लबाच्या मुलांच्या संघाचे काम पाहतो. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहेच. मराठीत ते प्रसिद्ध करतो आहे, कारण इथल्या मराठी घरांतली मुलेही याच चिन्हाच्या टोप्या घालून खेळतात.

इंग्लंडमधली दुपदरी स्थानिक शासनव्यवस्था (वर काउंटी कौन्सिल, खाली स्थानिक परिषदा) मोडून दोन्हींची कामे एकत्र पाहणाऱ्या एकस्तरीय परिषदा आणण्याचा मनोदय आपल्या सरकारने डिसेंबर 2024 च्या श्वेतपत्रिकेत जाहीर केला. त्यानुसार केंट काउंटी कौन्सिल आणि तिच्या हद्दीतल्या 12 स्थानिक परिषदा इतिहासजमा होतील. कचरा कोण उचलणार आणि खड्डे कोण बुजवणार, यावर भरपूर बोलले गेले. काउंटीच्या पांढऱ्या घोड्याचे काय होणार, हा प्रश्न मात्र माझ्या पाहण्यात कोणी विचारलेला नाही.

लाल ढालीवर मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला पांढरा घोडा आणि खाली 'इन्व्हिक्टा', म्हणजे अजिंक्य, हा लॅटिन शब्द, असे मानचिन्ह कौन्सिलला 1933 मध्ये रीतसर मिळाले. घोडा त्याहून पुष्कळ जुना आहे. हेंगिस्ट आणि होर्सा हे दंतकथेतले सरदार इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरत आहेत आणि त्यांच्या निशाणावर हाच घोडा आहे, असे चित्र 1605 मध्येच छापले गेले होते.

पुढे ज्याने त्याने तो आपापल्या गरजेप्रमाणे बदलून घेतला. रॉयल वेस्ट केंट पलटणीने तो टोपीच्या बिल्ल्यावर घेतला आणि 1944 मध्ये ती कोहिमाला लढली. त्याच्या थोडेच आधी मणिपूरमधल्या सांगशाकला जपान्यांना रोखून धरणाऱ्यांत आपली मराठा पलटण होती. काउंटीच्या क्रिकेट क्लबाने तो छातीवर लावला आणि 2000 च्या हंगामात राहुल द्रविड तोच घोडा मिरवत खेळला. गिलिंगहॅमच्या फुटबॉल क्लबाच्या बिल्ल्यावरही घोडा आहे, आणि गंमत म्हणजे गिलिंगहॅम 1998 पासून काउंटी कौन्सिलच्या अखत्यारीतच नाही. बेकनहॅम तर 1965 मध्ये लंडनला जोडले गेले, तरी केंटचा संघ तिथे सामने खेळतो. सरहद्दी सरकल्या म्हणून घोडा कोणी खाली उतरवला नाही.

आमच्या क्लबाचा घोडाही असाच बदललेला आहे. टोपीवर जेमतेम दोन बोटे जागा मिळते आणि भरतकामाच्या यंत्राला आयाळीचे बारीक केस जमत नाहीत, त्यामुळे पहिल्या नमुन्यात घोड्याचे शेळीत रूपांतर झाले होते. मग आयाळ तीन टाक्यांत बसवली, शेपूट जाड केली आणि पुढच्या पायांजवळ एक बॅट टेकवली. खबरदारी म्हणून एका कार्यालयाला विचारले, तर घोडा कौन्सिलच्या मालकीचा असून परवानगीशिवाय वापरता येणार नाही, असे दोन ओळींचे उत्तर आले. मानचिन्ह आणि घोडा यांत या उत्तराने गल्लत केली, असे माझे स्पष्ट मत आहे. ढाल, बोधवाक्य आणि त्यांची ठरलेली मांडणी हे मानचिन्ह ज्या संस्थेला दिले गेले तिचेच असते आणि ते इतरांनी उचलू नये, हे योग्यच आहे. पण मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा ही साऱ्या केंटची जुनी खूण आहे आणि तिच्यावर कोणत्याही कार्यालयाचा सातबारा नाही.

कौन्सिल विसर्जित झाली की तिचे मानचिन्ह आपोआप नव्या परिषदांकडे जात नाही. स्थानिक शासनाच्या 1974 च्या फेररचनेच्या वेळी 1972 च्या कायद्यात जुन्या संस्थांची मानचिन्हे नव्या संस्थांना देण्याची वेगळी सोय करावी लागली होती. या वेळीही मानचिन्हे देणाऱ्या कॉलेज ऑफ आर्म्स या संस्थेशी बोलून केंटच्या ढालीचा वारस विसर्जनाच्या आदेशाआधी ठरवावा, आणि तो ठरवताना साधा घोडा क्लब, शाळा व मंडळांना आजवरप्रमाणे वापरता येईल, बदलूनही घेता येईल, असे परिपत्रक सर्व नव्या परिषदांना पाठवावे, ही विनंती. घोड्याचे एकच प्रमाणित बोधचिन्ह करून ते सर्वांवर लादण्याचा मोह मात्र कृपया टाळावा.

नव्या हंगामाच्या 40 टोप्यांची मागणी आम्हाला मार्चआधी नोंदवायची आहे. भरतकाम करणाऱ्या बाईंनी घोड्याची जागा तूर्त कोरी ठेवली आहे.

आपला,
केंटमधील एक मराठी रहिवासी