नामंजूर दाव्याविषयी बाबांना पत्र

एडिसन, न्यू जर्सी
१८ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांस,
कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "त्यांना तू खोटी वाटत असशील, तर त्यांच्या दारात पुन्हा जाऊ नकोस." तो संताप माझ्या काळजीपोटी होता, हे मला समजले. परंतु माझा अपंगत्व विम्याचा दावा नाकारणारे जे पत्र सोशल सिक्युरिटीकडून, म्हणजे इथल्या सरकारी सामाजिक सुरक्षा खात्याकडून, आले आहे, त्याचा अर्थ तसा नाही, आणि मी अपील करणार आहे. फोनवर हे सगळे नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. शिवाय या कामी मला तुमच्याकडून आणि आईकडून काही कागद हवे आहेत.

आपल्या घरात कोणी सरकारपुढे हात पसरला नाही, असेही तुम्ही म्हणालात. बाबा, हा विमा आहे. १९५६ साली, आयझेनहॉवर अध्यक्ष असताना, तो कायद्याने सुरू झाला. निवृत्तिवेतन आणि अपंगत्व विमा या दोहोंसाठी मिळून प्रत्येक पगारातून ६.२ टक्के कापले जातात आणि तेवढीच रक्कम मालक भरतो. या कमाईवर वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट, म्हणजे पात्रतेचे गुण, मिळतात. साधारण चाळीस जमलेली असावी लागतात, माझ्या वयाला त्याहून कमी पुरतात, आणि त्यांतली वीस काम सुटण्याआधीच्या दहा वर्षांतली असावी लागतात. पुण्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काढलेली वर्षे यात धरली जात नाहीत, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात तसा करार नाही. पण इथल्या नोकरीवर माझी अट पूर्ण होते आणि पत्रातही त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो काम करण्याच्या क्षमतेबद्दल. ससूनमधून अपंगत्वाच्या टक्केवारीचे प्रमाणपत्र काढून पाठवावे का, असे दादाने विचारले होते. त्याचा विचार योग्य होता, कारण आपल्याकडच्या २०१६ च्या अपंगत्वविषयक कायद्यातल्या एकवीस प्रकारांत माझ्या आजाराचा, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या मल्टिपल स्क्लेरोसिसचा, समावेश आहे आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणपत्र असले की पुष्कळ सवलतींचा मार्ग खुला होतो. इथल्या या विम्यात मात्र टक्केवारी नाही आणि अंशतः अपंगत्वाला काहीही मिळत नाही. निदान बारा महिने टिकणाऱ्या किंवा टिकेल असे दिसणाऱ्या आजारामुळे माणूस ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक कमाई देणारे कोणतेही काम करू शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. २०२५ साठी ती मर्यादा महिना १,६२० डॉलर आहे.

हे ते पाच पायऱ्यांनी तपासतात. मी सध्या कमावते का, आजार गंभीर आहे का, तो त्यांच्या यादीतल्या निकषांइतका तीव्र आहे का, जुने काम जमेल का, आणि ते जमत नसेल तर दुसरे एखादे जमेल का. माझा आजार गंभीर आहे, हे त्यांनी मान्य केले आहे. तासन्‌तास उभे राहून आणि सूक्ष्मदर्शकात डोळा लावून करायचे लॅबचे काम मला आता जमणार नाही, हेही मान्य केले आहे. नकार आला तो पाचव्या पायरीवर: बसून करण्याचे साधे काम मी करू शकेन, असे त्यांचे मत पडले. असे काम मला देणार कोण, हा तुमचा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, पण कायदा तो विचारत नाही. तशी कामे देशात पुरेशा संख्येने अस्तित्वात असली की पुरे. जागा रिकामी आहे का, मला कोणी घेईल का, याला तिथे महत्त्व नाही. पन्नाशीनंतर नियम काहीसे सैल होतात, पण मी अजून पन्नाशीची नाही. म्हणून माझी खरी लढाई याच पायरीवर आहे.

आणि इथेच माझी फाइल अपुरी आहे. तिच्यात एमआरआय आहेत, निदान आहे, औषधे आहेत. मात्र मी सलग किती वेळ बसू शकते, दुपारनंतर अक्षरे दुहेरी दिसू लागली की काय होते, आठवड्यातले किती दिवस अंथरुणावर जातात, हे कुठेच नाही. न्यूरॉलॉजिस्टच्या नोंदींत "स्थिती स्थिर" असे वारंवार आले आहे. त्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ मेंदूवर नवे डाग दिसले नाहीत एवढाच आहे. फाइल वाचणाऱ्याला मात्र बाई कामावर जाऊ शकते असे वाटणारच. या आजारातला थकवा एमआरआयमध्ये दिसत नाही.

एखाद्या मोठ्या डॉक्टरांचे जोरदार पत्र घ्यावे, अशी तुमची सूचना आहे. २७ मार्च २०१७ पासून दाखल झालेल्या दाव्यांत नेहमीच्या डॉक्टरांच्या मताला आपोआप जास्त वजन मिळत नाही. ते मत तपासणीच्या नोंदींवर किती आधारलेले आहे आणि बाकीच्या पुराव्याशी किती जुळते, हे पाहिले जाते. "ही काम करू शकत नाही" या एका वाक्याला तर किंमतच नाही, कारण तो निर्णय त्यांनी स्वतःकडे ठेवला आहे. म्हणून मी डॉक्टरांना बसणे, उभे राहणे, हात, दृष्टी, मध्ये घ्यावी लागणारी विश्रांती आणि महिन्यातले वाईट दिवस यांबद्दल मुद्देसूद लिहून द्यायला सांगितले आहे आणि त्यांनी ते कबूल केले आहे.

अपिलाला ६० दिवसांची मुदत असते. पत्रावरच्या तारखेनंतर पाच दिवसांनी ते मिळाले असे धरून हे दिवस मोजतात. नव्याने अर्ज करण्याचा सल्ला इथे काही ओळखीच्यांनी दिला. तो मला मुळीच पटत नाही, कारण नव्या अर्जाबरोबर पहिल्या अर्जाची तारीख हातची जाते. हक्क सुरू झाल्यावर चोवीस महिन्यांनी मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, मिळते, त्यामुळे तेही लांबेल, आणि या आजाराची औषधे किती महाग आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे.

पहिल्या टप्प्यात, म्हणजे पुनर्विचारात, आधीच्या निर्णयात सहभागी नसलेले लोक सगळी फाइल पुन्हा पाहतात. तिथेही बहुतेकांना नकारच मिळतो, त्यामुळे तसे झाले तर घाबरू नका. त्यानंतर न्यायाधीशांपुढे सुनावणी होते आणि प्रकरण ठरवणारी व्यक्ती तिथे प्रथमच माझे म्हणणे माझ्या तोंडून ऐकेल. त्यापुढे अपील परिषद आणि अखेर संघीय न्यायालय. वकिलांच्या खर्चाची चिंता करू नका: दावा जिंकला तरच त्यांची फी, तीही मला मिळणाऱ्या मागच्या थकीत रकमेच्या २५ टक्के किंवा (२०२५ च्या मर्यादेप्रमाणे) ९,२०० डॉलर यांपैकी जी रक्कम कमी असेल ती.

आता तुमच्याकडचे काम. डाव्या डोळ्याची दृष्टी अंधुक झाली तो पहिला झटका मला पुण्यातच आला होता. त्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा अहवाल आणि डोळ्याच्या नसेची तपासणी लोखंडी कपाटातल्या हिरव्या फाइलमध्ये असावी. वकिलांना हे कागद हवे आहेत, कारण आजार किती जुना आहे आणि कसा वाढत गेला, हे त्यांवरून दिसते. रुग्णालयांना नोंदी तीन वर्षेच ठेवाव्या लागतात, त्यामुळे तिथे आता काही मिळेलच असे नाही आणि घरची फाइल जास्त मोलाची आहे. तरीही दादाने एकदा लेखी अर्ज करून पाहावा. नोंदी असतील तर ७२ तासांत द्यायच्या, असा डॉक्टरांसाठी नियम आहे. प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात.

आईचे निवेदन मला याहून महत्त्वाचे वाटते. मागच्या उन्हाळ्यात ती इथे राहून गेली आणि तिने मला रोज पाहिले. "पोरीला फार त्रास होतो" एवढे न लिहिता, तिने जे पाहिले ते लिहावे: आंघोळीनंतर मला किती वेळ पडून राहावे लागे, जुलैच्या उकाड्यात पाय कसे ओढू लागत, हातातून भांडे कधी निसटले, स्वयंपाक अर्ध्यावर टाकून मी कितीदा उठून गेले. चांगले दिवसही लिहावेत आणि त्यांच्या दुसऱ्या दिवशी काय होई, तेही. काहीही वाढवून लिहू नये. तिचे म्हणणे डॉक्टरांच्या नोंदींशी ताडून पाहिले जाईल, आणि मलाही खरे तेवढ्यावरच उभे राहायचे आहे. मराठीत, स्वतःच्या अक्षरात, तारीख आणि सही घालून लिहिले तरी चालेल. इंग्रजी भाषांतर मी जोडेन.

कागद एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ईमेलने आले, तर पुनर्विचाराच्या अर्जाबरोबरच देता येतील. मूळ फाइल कुरिअरने पाठवू नका. ती घरीच राहू द्या. सुहासने आईला आणि तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
मेधा