भिंग आधी माझ्या हातात दिलंत

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडून येऊन तीन आठवडे झाले. पत्र लिहायला बसतो आणि दोन ओळींत अडतो, कारण दर वेळी तोच क्षण समोर येतो. मी रुमालातून दगड काढून टेबलावर ठेवला. तुम्ही खणातून भिंग काढलंत आणि स्वतःच्या डोळ्याला न लावता माझ्या हातात दिलंत. "आधी तुम्ही बघा. काय दिसतं ते मला सांगा."

त्याआधीचे आठ महिने मी तुम्हाला सांगितले नव्हते. ओढ्याचं पाणी उतरल्यावर हा तळहाताएवढा काळपट दगड सापडला. अंगभर पत्त्यांतल्या चौकटीसारखे उभट ठसे, तिरप्या ओळींत, कुठेही चूक नाही. एकाने हातही न लावता टायरचा ठसा म्हणून सांगितलं. दुसऱ्याने फोटोवरून सापाची कातडी ठरवली, आणि मी शंका काढली तर "तुम्हाला यातलं काय कळतं?" असं विचारलं. जिथून खात्रीचं उत्तर येईल असं वाटलं होतं, तिथे दगड महिनाभर पडून राहिला आणि एका ओळीच्या चिठ्ठीसह परत आला: महत्त्वाचा नमुना नाही. कशाचा नमुना, हे लिहावंसं कुणाला वाटलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

तुम्ही दिवा वाकवून उजेड तिरपा पाडलात आणि सपाट वाटणारा दगड एकदम उठून दिसला. "खवले एकमेकांवर चढलेत का?" नव्हते चढले. प्रत्येक चौकट शेजारणीला लागून, मध्ये बारीक खाच. म्हणजे साप नाही आणि मासाही नाही, हे माझ्याच तोंडून निघालं. मग प्रत्येक चौकटीत एक छोटा व्रण दिसला, त्यात ठिपके. मी मोजून "तीन" म्हणालो तेव्हा तुमचा चेहरा असा उजळला, जणू ते तुम्हीही पहिल्यांदाच ऐकत होता. मधला ठिपका पानात जाणाऱ्या शिरेचा, बाजूचे दोन हवेच्या वाटांचे. प्रत्येक चौकट ही गळून गेलेल्या एका पानाची जागा होती.

नाव तुम्ही सगळ्यात शेवटी सांगितलंत. लेपिडोडेंड्रॉन, ग्रीक भाषेत खवल्यांचं झाड. ३० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी, कार्बोनिफेरस काळातल्या दलदलीत ही झाडं ३० मीटरच्या वर जात. खोडात लाकूड थोडं, साल जाड. त्यांच्याच राशी गाडल्या जाऊन पुढे दगडी कोळसा झाला. आज उरलेले नातलग म्हणजे आयसोइटिससारख्या पाणथळीतल्या बारक्या वनस्पती. हे ऐकताना माझा हात दगडावरच होता. ग्लासगोत १८८७ साली अशा झाडांचे ११ बुंधे जागच्या जागी उभे सापडले, हे घरी येऊन वाचलं आणि रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही.

जाणकार माणसं मला त्या आठ महिन्यांतही भेटली होती. पण विचारणाऱ्याला लहान न करता, त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून शेजारी बसणं, हा चांगुलपणा मला तुमच्याकडे दिसला. तुमचा तो अर्धा तास कुठल्या कामातून काढलेला होता, हे टेबलावरच्या ढिगावरून कळत होतं. तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

परवा ओढ्याच्या वरच्या अंगाला पुन्हा गेलो होतो. आणखी एक तुकडा मिळाला आहे. यावर चौकटी नाहीत, गोल खळगे आहेत, मळसूत्रासारखे फिरत गेलेले. खोड आणि मूळ सुटे सुटे सापडत गेल्यामुळे मुळांना स्टिग्मारिया असं निराळं नाव पडलं, हे तुम्हीच सांगितलं होतंत. हे ते मूळ असावं असं मला वाटतं, पण अजून कुणाला बोललेलो नाही. तुम्हाला सवड असेल त्या दिवशी घेऊन येतो. या वेळी भिंग आधी तुम्ही घ्या.

आपला ऋणी