खुले पत्र: पाणी 'पिण्यास योग्य' होतं, मग माझ्या लेकीला कावीळ कशाने झाली?

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

स. न. वि. वि.

आपल्या खात्याच्या अखत्यारीतल्या एका कार्यालयाचं उत्तर गेल्या आठवड्यात माझ्या हाती आलं. 'सदर भागातील पाण्याचे नमुने तपासले असता ते पिण्यास योग्य आढळून आले आहेत. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. मी सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका शहरात राहते. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या आमच्या भागातल्या व्हॉल्व्हमनची बदली होईल आणि प्रकरण मिटेल. तो तर अंधारात उठून चावी सोडायला येतो, पावसात भिजतो, त्याच्यावर माझा राग नाही. माझं भांडण त्याच्या वरच्या खुर्च्यांशी आहे. त्यात आपलीही खुर्ची येते, हे आधीच सांगते.

मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या दोन गल्ल्यांत कावीळ झाली होती. तेव्हा लोक जमले, बैठक झाली, मोठे साहेब आले. सगळ्यांसमोर शब्द दिला गेला की जुनी बिडाची लाइन दिवाळीपर्यंत बदलू आणि पाणी तपासणीचा अहवाल दर आठवड्याला चौकात फलकावर लावू. फलक लागला. त्यावर भूमिपूजनाचे फोटो आहेत. अहवाल आजतागायत एकही लागलेला नाही. लाइन तीच आहे, गटारातून गेलेली नळजोडणीही तीच आहे.

आणि या वर्षी माझी लेक बाळंतपणाला माहेरी आली.

पहिलंच बाळंतपण. आषाढात आली तेव्हा सातवा संपत आला होता. त्याच दिवसांत केबलसाठी रस्ता खोदला आणि आमच्या कोपऱ्यावर पाइप फुटली. फिटर आले, फुटक्या जागेवर सायकलची ट्यूब गुंडाळली, तारेने आवळली, वर माती लोटली. खड्ड्यात गटाराचं काळं पाणी तसंच साचलेलं होतं, मी उभी राहून बघितलंय. चार दिवस नळाला गढूळ पाणी आलं, वासही होता. तक्रार केली. नंतर एक दिवस पक्का जोड बसवला आणि पाणी स्वच्छ यायला लागलं. सगळे विसरले.

श्रावण सरता सरता लेकीला मळमळायला लागलं, अन्न बघवेना. सगळ्यांना वाटलं, दिवस भरत आलेत, होतं असं. मग डोळे पिवळे दिसले. रिपोर्ट आला: हिपॅटायटिस ई, घाण पाण्यातून पसरणारी कावीळ. दुसऱ्या दिवशी ती असंबद्ध बोलायला लागली, तेव्हा मिरजेला हलवलं. रक्त गोठेना, प्लाझ्मा देत होते. बाळ पोटातच गेलं. लेक वाचली, ती मिरजेच्या डॉक्टर-नर्सच्या जिवावर. आज ती माझ्या घरात आहे, पण माझ्या हातचं पाणी पिताना पेल्यात बघते. जावई काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मंत्रिमहोदय, मी हायस्कूलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले. त्यामुळे 'नमुने योग्य आढळले' हे वाक्य मला इतरांपेक्षा जास्त लागतं. हिपॅटायटिस ईचा विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त जातात. म्हणजे आषाढातलं घाण पाणी श्रावणाच्या अखेरीला डोळ्यांत दिसतं. रुग्ण सापडले की तुमची माणसं बाटल्या घेऊन येतात, तोवर पाइप दुरुस्त झालेली असते. चोर पळून गेल्यावर दीड महिन्याने पंचनामा करायचा आणि लिहायचं की घरात कोणी आढळलं नाही! तुमचा अहवाल खरा असेल, तरी तो भाद्रपदातल्या पाण्याचा आहे. माझ्या लेकीने आषाढातलं पाणी प्यायलं.

यात नवीन काही नाही, हेच माझं म्हणणं आहे. 1955 साली दिल्लीत यमुनेचा प्रवाह बदलला, नोव्हेंबरात नजफगड नाल्याचं सांडपाणी वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोचलं आणि 1956च्या जानेवारीअखेर सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. तेव्हाच्या अभियंत्यांनी क्लोरीन वाढवलं होतं. त्याने टायफॉइड वाढला नाही, पण हा विषाणू निसटला. त्या साथीतल्या रुग्णांचं रक्त जपून ठेवलेलं होतं. ते 1980च्या सुमाराला पुन्हा तपासलं तेव्हा कळलं, ही ओळखीची 'ए' कावीळ नाही, दुसरंच काहीतरी आहे. हिपॅटायटिस ई हा आजार जगाला कळला तो आपल्या देशातल्या घाण पाण्यामुळे. गरोदर बायकांना तो शेवटच्या तीन महिन्यांत झाला, तर त्यातल्या 20 ते 25 टक्क्यांपर्यंत बायका दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारी इचलकरंजीत 2012 साली काविळीने माणसं गेली, तेही आपल्याच राज्यात. एवढं सगळं माहीत असताना, पाइप फुटली त्या दिवशी आमच्या गल्लीत येऊन 'पाणी उकळून प्या, घरात गरोदर बाई असेल तर जास्त जपा' एवढं सांगणारा एक माणूस सरकारकडे नव्हता?

तुम्ही म्हणाल, बाई, हे मोठमोठ्या प्रयोगशाळांचं काम. नाही. 1982 साली ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी बाटली जगाला दिली. आत रसायनाचा कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि एक-दोन दिवस घरातच ठेवायचं. विष्ठेतले जंतू असतील तर पाणी काळं होतं. ना वीज लागते, ना सूक्ष्मदर्शक. लेक मिरजेहून घरी आल्यावर मी त्या बाटल्या आणल्या. पहाटे नळाला सुरुवातीला येतं ते पाणी एका बाटलीत भरलं आणि तासाभराने आलेलं दुसरीत. फडताळात शेजारी शेजारी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पहिली काळीकुट्ट, डांबरासारखी, दुसरी जशीच्या तशी. ही बाटली विषाणू दाखवत नाही, मला माहीत आहे. पण गटाराची वाट पाइपात अजून उघडी आहे, हे तिने दाखवलं. तुमची माणसं नमुना घ्यायला उन्हं वर आल्यावर येतात, पाणी चांगलं वाहून गेल्यावर. त्यांची बाटली काळी होणार कशी?

असं का होतं, याचाही अभ्यास झालेला आहे, आणि तो लंडन-न्यूयॉर्कात नाही, हुबळीला झालाय. मिरजेहून गाडीत बसलं की थेट हुबळी येतं. तिथे शहराच्या काही भागाला चोवीस तास पाणी सुरू केलं होतं, बाकीच्यांना आपल्यासारखंच काही दिवसांआड. बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचं पाणी तपासलं. चोवीस तास पाणी असलेल्या भागात 100 नमुन्यांत एकातही धड ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू सापडला नाही, 0.7 टक्के. काही दिवसांआडच्या भागात 31.7 टक्के नमुन्यांत सापडला. शहर एकच होतं, फरक होता पाइपातल्या दाबाचा. पाणी बंद झालं की पाइप रिकामी होते, आतला दाब जातो आणि जिथे भोक आहे तिथून बाहेरची घाण आत शिरते. त्यात घरोघरी लोकांनी नळाला मोटारी लावलेल्या. त्यांचं तरी काय चुकतं, पाणी चढतच नाही! मोटार सुरू झाली की ती पाइपातून मिळेल ते ओढते, गटारातलंसुद्धा. 2015 साली त्याच शहरातला आजारांचा अभ्यास छापून आला: चोवीस तास पाण्याच्या भागात टायफॉइड झालेली घरं 42 टक्क्यांनी कमी. सगळे आजार कमी झाले नाहीत, लहान मुलांच्या साध्या जुलाबांत मोठा फरक दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. तुमच्या खात्याच्या एका तरी अहवालात इतका प्रामाणिकपणा दाखवा.

आणि हुबळीलाही जायला नको. कराडला लागून असलेल्या मलकापूरने घरोघर मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. तीच कृष्णा-कोयना, तेच सरकार. ओडिशातल्या पुरीत 2021 पासून नळाचं पाणी थेट पेल्यात घेऊन पितात, आणि पुरीत जत्रेला किती लाख माणूस येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ढाक्यात तर चोवीस तास पाणी देणं जमेना, म्हणून वस्तीतल्या सामायिक नळांवर विजेशिवाय चालणारं क्लोरीनचं छोटं यंत्र बसवलं. लहान मुलांचे जुलाब 23 टक्क्यांनी कमी झाले. ढाक्याला जमतं आणि आपल्याला का जमत नाही?

लशीचीही गोष्ट तशीच. चीनमध्ये एक लाखाहून जास्त लोकांवर चाचणी होऊन हिपॅटायटिस ईची लस 2011 साली मंजूर झाली. 2022 साली दक्षिण सुदानमधल्या बेंटिऊच्या विस्थापितांच्या छावणीत ती दिली गेली, गरोदर बायकांनाही. मी इथे औषधांच्या दुकानांत विचारलं, नाव ऐकलेलं कोणी भेटलं नाही. छावणीतल्या बाईपर्यंत जे पोचलं ते माझ्या लेकीपर्यंत का पोचू नये, याचं उत्तर मला कोण देणार? आरोग्य खातं म्हणेल पाणी नगरविकासाचं, तुम्ही म्हणाल लस आरोग्याची.

हाच रोग आहे साहेब, आणि तो पाइपातला नाही. 74व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा आणि सार्वजनिक आरोग्य ही दोन्ही कामं शहरांच्या नावावर लिहिली आहेत. कामं दिली, पैसा आणि माणसं वर ठेवली. 2022 पासून राज्यातल्या किती शहरांत वर्षानुवर्षं निवडणुका झाल्या नाहीत, प्रशासक बसले. जाब विचारायला नगरसेवकसुद्धा नव्हता. संशोधनावर हा देश आपल्या उत्पन्नाच्या 0.64 टक्के खर्च करतो. आणि जे संशोधन झालंय ते वाचायला कोणाला वेळ नाही. कॉलऱ्याचं विष कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी 1959 साली शोधलं. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवून वाटलं आणि मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आणलं. त्यांना पद्मविभूषण कधी मिळालं? 2023 साली, मरणानंतर. गरिबांच्या रोगावर काम करणाऱ्याची कदर या देशात अशी होते. 2019 साली सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा होडीतून पुढाऱ्यांचे फोटो निघाले. पूर ओसरल्यावर चिखल भरलेल्या पाइपांचे फोटो काढायला कोणी आलं नाही. आमची पाणीपट्टी मात्र दर वर्षी वेळेवर छापून येते, थकली तर नळ तोडायची नोटीसही येते. तुमच्याकडची पाइप वर्षानुवर्षं थकली आहे, त्याची नोटीस आम्ही कोणाला द्यायची?

मला नुकसानभरपाई नको. माझ्या लेकीच्या बाळाचा भाव मी करणार नाही. मला एवढंच हवंय: नळाला पाणी येतं त्याच वेळी, पहिल्या धारेचं, आणि लाइनीच्या शेवटच्या घराचं पाणी रोज तपासा. शेवटच्या नळाला लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे, हा तुमचाच नियम आहे. उरलं की नाही ते त्याच फलकावर लिहा, फोटोंच्या जागी. पाइप फुटली तर त्याच दिवशी दारोदार सांगा. आमच्या भागातल्या प्रत्येक लॅबच्या वहीत काविळीच्या रुग्णांची नावं-पत्ते आहेत. ती कोणी गोळा करून नकाशावर ठिपके काढले तर फुटकी पाइप आपोआप दिसेल. 1854 साली लंडनमध्ये कॉलऱ्याच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी हेच केलं. इथे तर मिरजेचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत वालचंदसारखं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पुण्यात विषाणू संस्था आहे. या तिघांना आमची एक गल्ली द्या. मुलं येतील, मी चहा करीन, वही धरून बसेन, शिकवलेलं सगळं कामाला लावीन.

आणि ते गटारातलं कनेक्शन या दिवाळीआधी काढा. मागच्या दिवाळीचा शब्द अजून तुमच्या खात्याच्या नावावर बाकी आहे. तो पुरा झाला नाही, तर या दोन बाटल्या, काळी आणि पांढरी, मी हिवाळी अधिवेशनात नागपूरला घेऊन येईन आणि गेटवर उभी राहीन. मला आत सोडू नका हवं तर. बाटल्या आत न्या.

कळावे,

एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
सांगली जिल्हा