मुलांना सावरणाऱ्यांसाठी हक्काचा तास हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या मानसिक आरोग्यावर अलीकडे बरेच लिहिले जाते. परंतु या मुलांसोबत रोज बसणाऱ्या समुपदेशकांच्या आणि बालशिक्षिकांच्या मनाची विचारपूस क्वचितच होते. मी स्वतः बालसमुपदेशक असल्याने हे पत्र लिहीत आहे.

तीन वर्षांचे मूल दुःख शब्दांत सांगत नाही. ते चावते, खेळणी फेकते, नाहीतर पाठ फिरवून बसते, आणि तसे करताना समोरच्या मोठ्या माणसाचा चेहरा निरखत असते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेल्या प्रयोगात आईने अवघी काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवला, तेव्हा तान्ही बाळे आधी तिला बोलते करू पाहत आणि मग मान वळवून कोमेजून जात. आमचा थकवा किंवा चीडही मुलांपासून अशीच लपत नाही.

माझ्याकडे येणारे एक मूल कित्येक आठवडे गप्पच बसे आणि मला त्याचा राग येई, हे कबूल करायला मला फार जड गेले. सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या कामाबद्दल आणि त्यात मनात उठणाऱ्या भावनांबद्दल अनुभवी सहकाऱ्याशी मोकळेपणाने बोलण्याच्या बैठकीत, ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एवढेच विचारले, "ते गप्प असते तेव्हा तुम्हाला काय होते?" त्याचे मौन मी माझे अपयश मानत होते, हे मला त्या उत्तरात सापडले. पुढच्या भेटीत मी प्रश्न न विचारता नुसती त्याच्याशेजारी जमिनीवर बसले.

व्यावसायिक माणसे कामातून कशी शिकतात याचा अभ्यास करणारे डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये काम करता करता होणारे चिंतन आणि काम झाल्यावरचे चिंतन असा भेद मांडला. श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव, म्हणजेच माइंडफुलनेस, मला पहिल्यासाठी उपयोगी पडतो. राग कृतीत उतरण्याआधी तो ओळखता येतो. मात्र तो राग कुठून आला, हे उलगडायला ऐकणारे दुसरे माणूस लागते. म्हणून कर्मचाऱ्यांना ध्यानाचे ॲप देऊन कामाचा भार तसाच ठेवणाऱ्या संस्थांचे धोरण मला अपुरे वाटते.

संस्थांनी निदान पंधरवड्यातून एक तास अशा सुपरव्हिजनसाठी राखावा, तो पगारी वेळेत धरावा आणि गर्दीच्या दिवशी सर्वांत आधी तोच रद्द करू नये. शिवाय, वार्षिक मूल्यमापन लिहिणाऱ्या व्यक्तीकडे हे काम शक्यतो सोपवू नये, कारण तिच्यासमोर "मला या मुलाचा राग येतो" हे वाक्य कोणीही उच्चारणार नाही.

आपली विश्वासू,
एक बालसमुपदेशक